हिशेबात न धरलेला माणूस : आपल्या पुस्तकासाठी संपादक शोधताना

छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकातून पैठण गेट, औरंगपुरा, गुलमंडीच्या दिशेने निघालेल्या माणसाला पुस्तक छापून घेण्यासाठी लागणारे बहुतेक सगळे वाटेत भेटू शकते. अक्षरजुळणी करणारा भेटतो, मुखपृष्ठ करून देणारा भेटतो, कागद, छपाई आणि बांधणीचे भाव सांगणाराही भेटतो. निवृत्त शिक्षक आपल्या आठवणी लिहितात, हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंगात गेलेल्या वडिलांचे चरित्र मुलगा लिहितो, कोरडवाहू शेतीतले प्रयोग एखादा शेतकरी वहीत उतरवून ठेवतो, आणि मग हे सगळे स्वखर्चाने पुस्तक करायचे ठरते. कोटेशन हातात येते. त्यात टायपिंग पानामागे, छपाई फर्म्यामागे, मुखपृष्ठ आणि लॅमिनेशन वेगळे, असा बारीक हिशेब असतो. त्या कागदावर संपादनाची ओळ मात्र नसते. छापखान्याचा यात काही दोष नाही, कारण ते त्याचे कामच नव्हे. पण लेखक ही गैरहजेरी लक्षात घेत नाही. ज्याचा उल्लेख नाही त्याची गरजही नसावी, असे तो धरून चालतो आणि पुस्तक छापून येते. माझे म्हणणे असे की, स्वतः काढलेल्या मराठी पुस्तकाचे सर्वांत मोठे नुकसान या एका न धरलेल्या खर्चाने होते. दुसरे म्हणणे असे की, योग्य संपादक शोधण्याचे काम कठीण वाटते याचे मुख्य कारण संपादकांची टंचाई नाही. आपल्याला संपादकाकडून नेमके काय हवे, हे लेखकाने ठरवलेले नसते.

संपादनाचा खर्च मराठी लेखकाला पूर्वी कधी दिसला नाही, कारण तो दुसरे कोणीतरी सोसत होते. मुंबईच्या मौज परिवारातल्या ‘सत्यकथा’ मासिकाकडे कथा पाठवली की श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ती बारकाईने वाचत. कथा परत येई तेव्हा तिच्यासोबत कुठे सैल आहे, कुठे पुन्हा लिहून पाहावे, हे सांगणारे पत्र येई. ‘सत्यकथा’ १९८२मध्ये बंद पडली. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, वाङ्मयीन इतिहासात हेच काम अधिक कठीण परिस्थितीत झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५०मध्ये इथे सुरू केलेल्या आणि पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेभोवती नागसेनवनात लिहिणाऱ्यांची एक पिढी घडली. त्याच वातावरणातून साठच्या दशकाच्या अखेरीस डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक उभे केले आणि जवळजवळ अर्धे शतक चालवले. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी लिहीत नव्हते अशा कितीतरी कवी-कथाकारांचे पहिले लेखन तिथे छापले गेले. अनुभव अस्सल आहे पण मांडणी विस्कटली आहे, असे लेखन छापण्याजोगे करणे हा नियतकालिकाच्या संपादकाच्या रोजच्या कष्टाचा भाग असतो. मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’सारख्या नियतकालिकांनीही नवा लेखक वाचून घेण्याचे काम केले. या सगळ्या कष्टाचे बिल लेखकाला कधी गेले नाही. म्हणून संपादन ही फुकट आणि आपोआप घडणारी गोष्ट आहे, अशी समजूत रुजली. आज लेखक मासिकाची आणि प्रकाशकाची पायरी ओलांडून थेट छपाईकडे जातो, तेव्हा त्या पायरीवर बसलेला माणूसही मागे राहतो.

तो माणूस काय करतो, याचे मराठवाड्यातले ठळक उदाहरण नांदेडचे आहे. रणजित देसाई यांची ‘श्रीमान योगी’ १९६८मध्ये प्रसिद्ध झाली. तिला नांदेडच्या नरहर कुरुंदकरांची जी प्रस्तावना आहे ती मुळात लेखकाला लिहिलेले दीर्घ पत्र आहे. कादंबरी आणि तिचा नायक कुरुंदकरांना मनापासून महत्त्वाचे वाटत होते, आणि तरीही, किंवा म्हणूनच, त्यांनी कौतुकावर भागवले नाही. शिवाजी महाराजांच्या मोठेपणाचे मर्म कशात शोधायचे, कोणती माहिती साधनांच्या कसोटीला उतरते, कोणती केवळ परंपरेने चालत आली आहे, असे प्रश्न त्यांनी लेखकापुढे ठेवले. कुरुंदकर या कादंबरीचे संपादक नव्हते, पण हस्तलिखिताला ज्या वाचनाची गरज असते ते वाचन कसे असते याचा नमुना म्हणून ते पत्र प्रत्येक नव्या लेखकाने वाचावे. असा वाचक ऱ्हस्व-दीर्घ पाहण्याआधी विषयाकडे पाहतो. लेखकाला जे माहीत आहे आणि कागदावर जे उतरले आहे, या दोहोंतले अंतर त्याला दिसते. लेखकाला ते दिसणे जवळजवळ अशक्य असते, कारण वाक्य अपुरे असले तरी त्याचे मन ते आठवणीतून पुरे करून वाचते. घरातल्या माणसांचेही तसेच होते. ‘आबा तेव्हा जालन्याला होते’ हे वाक्य कुटुंबाला पुरते. तिऱ्हाईत वाचकाला आबा कोण, तेव्हा म्हणजे कधी आणि जालन्याला कशासाठी, हे तिन्ही प्रश्न पडतात. हे प्रश्न छपाईआधी विचारणारा परका वाचक लेखकाला हवा असतो, आणि संपादकाचे मानधन आपण त्यासाठी देतो.

इथे कामाचे प्रकार वेगळे करून पाहायला हवेत, कारण बहुतेक फसगत त्यांच्या सरमिसळीतून होते. पहिले काम संहितेच्या रचनेचे असते. प्रकरणांचा क्रम कसा असावा, काय गाळावे, कुठे माहिती कमी पडते, पुस्तक नेमके कोणासाठी आहे, हे त्यात येते. दुसरे काम भाषेचे. त्यात वाक्यांची घडण, पुनरुक्ती, पानापानांत बदलणाऱ्या संज्ञा, एकाच गावाचे किंवा माणसाचे दोन तऱ्हांनी लिहिलेले नाव, वडिलांची अटक एका पानावर १९४७ची तर दुसऱ्यावर १९४६ची, असल्या विसंगती पकडल्या जातात. तिसरे काम मुद्रितशोधनाचे, म्हणजे जुळणी झालेली पाने शब्दशः तपासण्याचे. आपल्याकडे ‘जरा बघून द्या’ एवढ्या तीन शब्दांत ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे सोपवली जातात, तीही शेवटी, पाने लागून गेल्यावर. तेव्हा संपादकाने सांगितले की चौथे प्रकरण पहिले हवे आणि सातवे नकोच, तर ते ऐकण्याची लेखकाची तयारी उरलेली नसते. त्यात आपल्या भागातली एक तांत्रिक अडचण आहे. अनेक ठिकाणी जुळणी अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटात होते. तो मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे आणि रफार बिघडतात, युनिकोडमधून उलट नेतानाही तेच होते. दर फेरीला नव्या चुका शिरतात आणि आधीची तपासणी वाया जाते. म्हणून संपादन युनिकोड फाइलवर, जुळणीच्या आधी पूर्ण व्हावे. जुळणीनंतर फक्त मुद्रितशोधन करावे आणि ते शक्यतो वेगळ्या माणसाने करावे, कारण तीन वेळा वाचलेला मजकूर संपादकाच्याही नजरेला पाठ झालेला असतो.

संपादनाला सर्वांत गंभीर आक्षेप घेतला जातो तो भाषेच्या अंगाने. संपादक माझी बोली पुसून टाकेल आणि माझे पुस्तक पुण्या-मुंबईच्या भाषेत बोलू लागेल, अशी भीती मराठवाड्यातल्या लेखकाला वाटते, आणि तिला इतिहासाचा आधार आहे. महात्मा फुल्यांच्या लेखनावर विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जी टीका केली तिचा एक मोठा भाग व्याकरणाच्या चुका दाखवण्यात खर्च झाला होता, आणि त्या चुकांच्या आड मूळ विचार बाजूला सारला गेला. फुल्यांच्याच ‘शेतकऱ्याचा असूड’ची सुरुवातीची प्रकरणे ‘दीनबंधु’त आली आणि पुढची छापली गेली नाहीत, म्हणजे आपल्या माणसांच्या पत्रातही लेखकाला अडवले जाऊ शकते. ‘सत्यकथे’च्या अभिरुचीची चौकट अरुंद आहे, असे म्हणत १९६९मध्ये तरुण लेखकांनी तिचा अंक जाळला होता. हे सगळे खरे आहे, आणि तरी त्यातून संपादक नको असा निष्कर्ष निघत नाही. त्या काळच्या बंडखोरांनी संपादन सोडले नाही, त्यांनी स्वतःची अनियतकालिके काढली. औरंगाबादेत ‘अस्मितादर्श’ उभे राहिले ते वेगळ्या कानाचा संपादक हवा होता म्हणून. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या-कविता त्यांचा मुलगा सोपानदेव यांनी जपल्या आणि आचार्य अत्र्यांनी पुढाकार घेऊन १९५२मध्ये लोकांपुढे आणल्या, तेव्हा त्यांची खानदेशी बोली तशीच राहिली. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ग्रामीण शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, तिच्याच बोलीत सांगितली जाते. असे लेखन छापायचे तर उलट जास्त डोळस तपासणी लागते. निवेदक दहाव्या पानावर ‘करायलाय’ म्हणतो आणि दीडशेव्या पानावर ‘करतो आहे’, तर हा बदल हेतूने केला आहे की लेखकाचे भान सुटले आहे, हे कोणीतरी विचारले पाहिजे. ‘मोंढा’ खोडून ‘बाजार’ करणारा माणूस मराठवाड्याच्या पुस्तकाला चालणार नाही, पण निवेदनात प्रमाण मराठी आणि संवादात बोली असा करार लेखकाने स्वतःच्या लेखनाशी केला असेल, तर तो पाळला जातो की नाही हे पाहणाराही माणूस हवाच. चूक कोणती आणि बोली कोणती, हे ज्याला ओळखता येते तो आपला संपादक. निवडीची पहिली कसोटी मी हीच मानतो.

आता ‘शुद्धलेखन’ म्हणजेच संपादन असे समजणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. मराठी लेखनाचे आज चालणारे नियम अठरा आहेत. साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२मध्ये स्वीकारले आणि १९७२मध्ये त्यांत चार वाढवले. ते समजून घ्यायला मो. रा. वाळंबे, अरुण फडके, यास्मिन शेख यांची पुस्तके बाजारात आहेत. अठरा नियम कोणालाही शिकता येतात, आणि लेखकाने ते जितके शिकावेत तितके संपादकाचे मोल वाढते, कारण त्याचा वेळ वेलांट्यांवर न जाता आशयावर जातो. संगणकावरची तपासणी आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही ठोकळ चुका दाखवतात. त्यांचा तेवढा उपयोग अवश्य करावा. पण अशी साधने मजकूर सरासरी प्रमाणभाषेकडे ओढतात, आणि ज्या बोलीबद्दलची भीती आपण वर पाहिली ती त्यांच्याकडून जास्त सहज पुसली जाते. शिवाय त्यांना वडिलांच्या अटकेची तारीख तपासण्याची जबाबदारी वाटत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. तो झटकून टाकण्यासारखा नाही, कारण इथे पुस्तक काढणारा माणूस बहुधा निवृत्तिवेतनातून किंवा पिकाच्या पैशातून खर्च करत असतो. पण हिशेब पुरा मांडून पाहावा. समजा पुस्तक दोनशे पानांचे आहे, म्हणजे सोळा पानांचा एक या मापाने साडेबारा फर्मे. एका पानावर तीनशे शब्द धरले तर साठ हजार शब्द झाले. भाषेचे काम करणाऱ्याने तासाला पाच पाने नीट केली, तर एका वाचनालाच चाळीस तास लागतात, आणि रचनेचे वाचन त्याआधीचे वेगळे. या श्रमाचे मोल देणे लेखकाला जड जात असेल तर माझा सल्ला असा की प्रती कमी छापा. आता मागणीनुसार थोड्या प्रती काढता येतात. पाचशे प्रतींतल्या निम्म्या माळ्यावर राहणार असतील, तर त्या कागदाचे पैसे संपादनाला द्यावेत. तेही जमत नसेल तर निदान रचनेचे वाचन करून घ्यावे. त्यात फाइलला हात लागत नाही, चार-पाच पानांचा लेखी अभिप्राय मिळतो आणि दुरुस्ती लेखक स्वतः करतो. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिथे हस्तलिखित जाणकारांकडून वाचले जाते, म्हणून अनुदान न मिळाले तरी हस्तलिखित त्या वाटेने पाठवणे फायद्याचे ठरू शकते. आयएसबीएन मिळाला म्हणजे पुस्तकाला दर्जाचा शिक्का मिळाला, ही समजूत मात्र सोडावी. तो क्रमांक राजा राममोहन राय एजन्सीकडून लेखक-प्रकाशकालाही मिळतो, आणि त्यासाठी मजकुराच्या दर्जाची परीक्षा होत नाही. क्रमांकाच्या आणि पदोन्नतीच्या घाईत पीएच.डी.चे प्रबंध जसेच्या तसे छापले जातात, त्यांतली किती पाने परीक्षकांसाठी होती आणि किती वाचकांसाठी, हा विचार होत नाही. मला याचे फार वाईट वाटते, कारण त्या प्रबंधांत मराठवाड्याच्या गावांची, पिकांची, जातिव्यवस्थेची मोलाची माहिती दडलेली असते.

मग तिसरा आक्षेप येतो : आमचे मराठीचे सर आहेत, मित्र आहेत, ते बघून देतात. त्यांनी जरूर वाचावे. पण स्नेही माणूस नाते सांभाळत वाचतो. नव्वद पाने गाळा, हे तो सांगत नाही, आणि सांगितले तरी मुदत पाळण्याचे बंधन त्याच्यावर नसते. मानधन घेणाऱ्याला खरे बोलण्याचा हक्क मिळतो आणि लेखकाला काम मागण्याचा. याची उलट बाजूही आहे, आणि ती जगाने पाहिली आहे. अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर यांच्या १९८१च्या कथासंग्रहातला निम्म्याच्या आसपास मजकूर संपादक गॉर्डन लिश यांनी कापला. लेखकाने छपाई थांबवण्याची विनवणी करणारे पत्र लिहिले, तरी संग्रह तसाच निघाला आणि गाजला. कार्व्हर यांच्या मृत्यूनंतर, २००९मध्ये, मूळ संहिता वेगळी छापली गेली आणि कोणती चांगली यावर वाचक आजही भांडतात. त्या प्रकरणातून घ्यायचा धडा साधा आहे. शेवटचा शब्द कोणाचा, हे आधी लेखी ठरवावे. भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे ५७वे कलम लेखकाला त्याच्या कृतीची विकृती रोखण्याचा हक्क देते. पण कोर्टाची वेळ येऊ नये यासाठी एका पानाचा करार पुरेसा असतो. काम कोणत्या पातळीचे, किती शब्दांचे, किती फेऱ्यांचे, मुदत काय, पैसे कोणत्या टप्प्यांवर, कॉपीराइट लेखकाचाच राहील, आणि प्रत्येक बदल फाइलमध्ये दिसेल असा केला जाईल, एवढे त्यात यावे. दर पानावर ठरवू नये, शब्दांवर ठरवावा, कारण टाइप लहान-मोठा केला की पाने बदलतात.

आता प्रत्यक्ष शोध. सर्वांत विश्वासार्ह पत्ता आपल्या घरातल्या कपाटातच असतो. आपल्या विषयाची, आपल्याला नेटकी वाटलेली पाच-सहा मराठी पुस्तके काढावीत आणि शीर्षकपानामागचे पान व ऋणनिर्देश वाचावेत. मुद्रितशोधकाचे नाव तिथे अनेकदा असते, संपादकाचे कधीकधी. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत वर्षानुवर्षे इतरांचे लेखन सावरलेले निवृत्त उपसंपादक, दिवाळी अंकांचे काम पाहणारे लोक, साहित्य परिषदेचे कार्यकर्ते, विद्यापीठाच्या आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांतले अध्यापक यांच्याकडे विचारावे, पण ‘संपादक सांगा’ असे मोघम विचारू नये. ‘मुक्तिसंग्रामावरच्या आठवणींचे साठ हजार शब्द आहेत, रचना आणि भाषा दोन्ही पाहणारा हवा आहे’ असे विचारावे. संपादक याच शहरातला असण्याची गरज नाही, फाइल कुठेही जाते, परंतु त्याला या मातीतले संदर्भ कळत असावेत. कवितेचा संपादक शेतीच्या पुस्तकाला उपयोगी पडेलच असे नाही. दोन-तीन नावे मिळाली की प्रत्येकाला तीच दहा पाने द्यावीत, आणि त्या कामाचे पैसेही द्यावेत. पाने मधल्या प्रकरणातली निवडावीत, कारण पहिले प्रकरण लेखकाने बहुधा घासून-पुसून चांगले केलेले असते. परत आलेल्या पानांवर किती लाल खुणा आहेत हे मोजू नये. संपादकाने प्रश्न कोणते विचारले ते पाहावे. ज्याने तुमचे ‘करायलास’ न विचारता ‘करतोयस’ केले त्याला नकार द्यावा. ज्याने ते तसेच ठेवून ‘पान चारवर हाच माणूस प्रमाण मराठीत बोलतो, असे का?’ असे समासात लिहिले, त्याच्याशी पुढे बोलावे. आठ दिवसांत हस्तलिखित ‘बेस्टसेलर’ करून देण्याची हमी देणाऱ्याकडे जाऊ नये. आणि प्रश्नांनी भरलेली पाने पाहून पहिल्या दिवशी राग येतो, म्हणून त्याच दिवशी निर्णय घेऊ नये.

स्वतः पुस्तक काढणारा लेखक कायद्याने प्रकाशकही असतो. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे त्याने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. तिथे ते पुस्तक त्यातल्या चुकलेल्या तारखांसह, पुढच्या अभ्यासकाने त्यावर विसंबण्यासाठी, जपून ठेवले जाते. मुक्तिसंग्रामाच्या, दुष्काळांच्या, गावगाड्याच्या ज्या आठवणी फक्त या प्रदेशातल्या माणसांकडे आहेत, त्यांचा लेखी पुरावा आज मुख्यतः अशाच स्वखर्चाच्या पुस्तकांतून तयार होतो आहे. म्हणून असे पुस्तक काढणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. आपल्या संपादकाचे आणि मुद्रितशोधकाचे नाव, त्यांची परवानगी घेऊन, शीर्षकपानामागच्या पानावर स्पष्ट छापा आणि कोणी कोणते काम केले तेही लिहा. तुमच्यानंतर पुस्तक लिहिणारा माणूस आपला संपादक त्याच पानावर शोधणार आहे.